एकावन्नावी प्रश्नावली

ठाण्याहून टिटवाळ्याला जायला तासभर पुरतो. मला दोन वर्षं आणि पाच दिवस लागले. दोन वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाच दिवसांबद्दल लिहिते.

सोमवार, जिन्याखालची खोली

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात कंत्राटी सहायक आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात चूक माझी आहे, त्याची नाही. आमच्याकडे पुस्तकांचे दोन मजले आहेत आणि जिन्याखाली एक लांब खोली. त्या खोलीत जे आहे ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते विद्यार्थ्यांनी लिहिलेलं आहे, आणि बहुतेक वेळा त्याची एवढीच एक प्रत उरलेली आहे.

कामाला लागेपर्यंत मला वाटायचं, प्रबंध म्हणजे काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं. ती आहेतच, भिंतभर. पण खालच्या फळ्यांवर स्पायरलचे प्रकल्प आहेत. त्यांचे प्लॅस्टिकचे दात एकमेकांत अडकतात, एक ओढला की चार येतात. भूगोलवाल्यांचे हाताने रंगवलेले नकाशे आहेत. बी.एड.च्या मुलींच्या पाठ टाचणाच्या वह्या आहेत. एका प्रबंधाच्या शेवटी पाकीट चिकटवलंय आणि त्यात कॅसेट आहे, ती वाजवायला आता यंत्र नाही. रसायनाच्या एका वहीला ॲसिडने भोक पडलंय, ते पानागणिक लहान होत सोळाव्या पानावर संपतं. एक हस्तलिखित वार्षिक आहे, त्यातली सगळी चित्रं एकाच मुलीची आणि सगळ्या कविता एकाच मुलाच्या. मी मराठी हळू वाचते, सगळी शाळा इंग्लिश मीडियममध्ये गेली. तरी दुपारी डबा खाऊन झाला की मी त्या खोलीत जाऊन काहीतरी उघडून बसायचे.

दिवाळीपूर्वी ती खोली रिकामी करायची होती. आमच्या ग्रंथपाल म्हात्रे मॅडमनी सोमवारी सकाळी मला बोलावून नियम पुन्हा सांगितला. ज्यांनी संमतीपत्रावर सही केली त्यांचं लेखन स्कॅन होणार, ते कुणालाही कुठूनही वाचता येणार, आणि मूळ प्रत वरच्या मजल्यावर जपली जाणार. ज्यांची सही येणार नाही त्यांचं निर्लेखन. निर्लेखन हा ग्रंथालयातला सभ्य शब्द आहे. अर्थ रद्दी.

बहुतेकांच्या सह्या ईमेलने आल्या होत्या. आपल्या भागातली चार नावं उरली होती. तिघांचे फोन बदललेले, म्हणजे घरी जाणं आलं.

"आणि चौथं तुझंच गं, ईशा!" मॅडम हसून म्हणाल्या. "घरचंच लग्न आणि नवरीच गायब. कर सही."

"शनिवारी करते, मॅडम. बाकीच्यांबरोबर."

"तुझा किती वाचला जातो माहितीये का?" त्यांनी माझा प्रकल्प काढून शेवटचं पान उघडलं. तारखांच्या चिठ्ठीवर नऊ शिक्के होते. "मागच्या वर्षी एका मुलीने तुझा तक्ता जसाच्या तसा घेतला. तुझं नाव देऊन हो, चोरून नाही."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

माझा एम.ए.चा प्रकल्प टिटवाळ्याच्या नव्या इमारतींतून रोज कामाला जाणाऱ्या बायकांवर आहे: त्यांच्या दिवसाचे तास कुठे जातात यावर. पन्नास बायका, पन्नास प्रश्नावल्या. त्या पन्नासही मी वर्तकनगरला आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून भरल्या. चार रंगांची पेनं वापरली. काही डाव्या हाताने लिहिल्या. तेविसाव्या बाईला मी ब्लाउज शिवायला लावलं, एकतिसावीला सासूचा जाच दिला. मार्गदर्शक सरांनी लिहिलं होतं, "फार सुंदर सामग्री."

आळस नव्हता. टिटवाळ्याला मी एकदा गेलेले. स्टेशनच्या पुलावर वीस मिनिटं उभी राहिले आणि परत आले. प्रश्नावली मी इंग्लिशमध्ये केलेली, मग शब्दकोश बघून मराठीत. अनोळखी बाईसमोर ती मोठ्याने वाचायची मला लाज वाटली. एवढंच कारण. ते लहान आहे म्हणूनच कुणाला सांगता आलं नाही.

आता सही केली तर त्या पन्नास बायका जगभर कायमच्या राहणार. नाही केली तर रद्दीत जाणार, आणि कुणाला कधीच कळणार नाही. आणि खरं सांगितलं तर पदवी जाऊ शकते, ही नोकरीही.

मंगळवार, वर्तकनगर

पहिलं नाव माझ्या घरापासून सात मिनिटांवर निघालं. गोगटे सर. जन्मभर त्यांच्या इमारतीवरून गेले असेन, पण बेल कधी वाजवली नव्हती. आधी एक मजला वर चढून गेले, मग पुन्हा खाली आले, मग वाजवली.

दार गोगटेकाकूंनी उघडलं. "कुठल्या संस्थेची वर्गणी?"

"वर्गणी नाही. सरांचा प्रबंध आहे आमच्याकडे."

त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "अहो, ते पान आलं बरं का!"

काय चाललंय ते मला कळेना. सर आले, धोतराला हात पुसत. पंच्याहत्तरीचे असतील. मी पिशवीतून प्रबंध काढला: ठाण्याच्या तलावांतल्या पाणवनस्पती. मध्ये मध्ये खरी पानं चिकटवलेली, तपकिरी झालेली, पण शिरा अजून नीट दिसणाऱ्या. त्यांनी न शोधता सदतिसावं पान उघडलं. कुमुदिनीचं पान, चहाच्या बशीएवढं. खाली सुबक अक्षरात: मासुंदा तलाव.

"हे मासुंद्याचं नाही," ते म्हणाले.

असं कुणी पहिल्याच वाक्यात सांगेल असं वाटलं नव्हतं.

"मासुंद्यात मला जे मिळालं ते साधं होतं, शेवाळाहून थोडं बरं. प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी ते कुजलं. मित्राने खारेगावच्या पुढच्या एका डबक्यातून ही आणून दिली. दिसायला देखणी. लावून टाकली. परीक्षक खूश."

"चाळीसहून जास्त वर्षं हे पान आमच्या घरात तिसऱ्या माणसासारखं राहतंय," काकू दडप्या पोह्यांच्या बशा ठेवत म्हणाल्या. "तळ्यावर फिरायला गेलं की यांचं सुरू. मी म्हटलं, अहो, एका पानाने कुणाचं काय अडलंय?"

"अडतं कसं नाही?" सर माझ्याकडे वळले. "आज मासुंद्यात ही वनस्पती नाही. उद्या तुझ्यासारखं कुणी हे वाचेल आणि लिहील, पूर्वी होती, आता नष्ट झाली. त्यावर तिसरा कुणी लिहील, का नष्ट झाली. जे नव्हतंच ते नष्ट झालं कसं?"

दडपे पोहे फार चांगले होते. आमच्या घरी नारळ जपून घालतात, इथे सढळ हात होता. पण मी चमचा बशीत ठेवला.

सरांनी कपाटातून कोरा कागद आणला, पट्टी घेतली, दोन रकाने आखले. एकावर लिहिलं अशुद्ध, दुसऱ्यावर शुद्ध. जुन्या पुस्तकांच्या शेवटी असायचं तसं शुद्धिपत्र. अशुद्धच्या खाली मासुंदा तलाव. शुद्धच्या खाली खारेगावपुढील डबके, आणि पान आणणाऱ्या मित्राचं नाव. सही, तारीख.

"हे शेवटच्या पानाला चिकटव. मग तुझ्या कागदावर सही करतो. आधी नाही."

"सर, तुम्ही आधीच का नाही येऊन सांगितलंत? ग्रंथालय इथेच तर आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "गेटपर्यंत आलो होतो. दोनदा."

काकूंनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं बहुतेक.

बुधवार, कळवा

खाडीच्या बाजूची वस्ती. दुसरं नाव वैजयंतीताईंचं. समाजशास्त्राच्या प्रबंधाचा विषय खाडीकाठच्या बायकांचं काम. त्या स्वतः कोळी आहेत, एम.ए. आहेत, आणि सकाळी बाजारात मासळी विकतात. हे मला गल्लीच्या तोंडाशी एका रिक्षावाल्याने सांगितलं, वर म्हणाला, "भाव करू नका हां, त्या इंग्लिशमध्ये हाकलतात."

घरी कुलूप होतं. शेजारणीने बांधाकडे बोट केलं. ओहोटी लागलेली होती, आणि मी शहरातल्या माणसासारखी जवळची वाट घेतली. चौथ्या पावलाला उजवा पाय घोट्याच्या वर चिखलात गेला. पाय निघाला, बूट राहिला.

बांधावर एक म्हातारी जाळं घेऊन बसली होती. तिने हसून घेतलं, मनापासून, लपवण्याचा काही प्रयत्न न करता. "कोनाची गो पोर ही? बूट पेरते खाडीत!"

शेजारच्या बाईने पदर खोचला, चिखलात उतरली आणि कोपरापर्यंत हात घालून बूट काढून दिला. त्याच वैजयंतीताई. पन्नाशीच्या, काटक, बोलताना सरळ डोळ्यांत बघणाऱ्या. मी एका पायावर उभी राहूनच प्रबंधाचं सांगितलं.

"हिराआत्या, ही युनिव्हर्सिटीतून आलीय," त्यांनी म्हातारीला सांगितलं. "माझ्या पुस्तकासाठी."

"अजून परत केला नाय तू पुस्तक?" हिराआत्या म्हणाली.

घरी त्यांनी माझे पाय धुवायला बादलीभर पाणी दिलं आणि ताट वाढलं. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का, आणि पाहुणा नाही म्हणतो, मग पुन्हा विचारतात. इथे तो खेळच नव्हता. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे ते मासे. डोळे डोक्यावर असतात. आमच्या घरी पापलेटपलीकडे मजल जात नाही. मी डोळे टाळून खाल्लं. चव चिखलाची येईल असं वाटलेलं, आली आमसुलाची.

जेवता जेवता त्या स्वतःचा प्रबंध चाळत होत्या. एका पानावर थांबल्या. माहितीदार क्रमांक एक, क्रमांक दोन, असे चौदा.

"ही सगळी नावं होती," त्या म्हणाल्या. "सरांनी काढायला लावली. नावं घातली की शास्त्रीय दिसत नाही म्हणाले. क्रमांक सात माझी आई आहे."

"पण ताई, नावं गुप्त ठेवायचीच पद्धत आहे. त्यांच्याच भल्यासाठी."

"असेल. पण कुणाला विचारून ठेवली? यातल्या एकीनेही माझं नाव लपव म्हणून सांगितलं नव्हतं. उलट ठळक अक्षरात घाल म्हणाल्या." त्यांनी दारात बसलेल्या हिराआत्याकडे मान वळवली. "आत्या, पुस्तकात तू नंबर चार आहेस."

"चार?" आत्याने जाळं खाली ठेवलं. "मंग पयली कोण?"

"यशोदाबाय."

"यशोदा? तिला काय ठाव होता? सगला मीच सांगितला, ती नुसती हो हो करत होती!"

वैजयंतीताईंना हसू आवरेना. मीही हसले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मग मी त्यांना गोगटे सरांच्या शुद्धिपत्राचं सांगितलं. त्यांनी लगेच कागद मागितला. चौदा क्रमांक लिहिले आणि पुढे नावं. बारा तोंडपाठ होती, दोन आत्याला विचारावी लागली. चौदांतल्या आता तिघीच आहेत. आत्या प्रत्येक नावाला "मेली गो ती" किंवा "ती हाय, पन आयकत नाय" असं सांगत होती. नावं लिहून झाली तेव्हा ताईंनी सही केली.

निघताना त्यांनी विचारलं, "तूही केला असशील ना असा एखादा? किती बायकांशी बोललीस?"

"पन्नास," मी म्हटलं.

"बापरे! मला चौदा जणींना दोन वर्षं लागली. सगळ्या बोलल्या नीट?"

"हो."

"छान," त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. बूट अजून ओला होता. स्टेशनपर्यंत तो चालताना आवाज करत होता, आणि मला वाटत होतं की सगळ्यांना ऐकू जातोय.

गुरुवार, डोंबिवली

तिसरं नाव एका क्लासवाल्या सरांचं. त्यांना इथे फक्त सर म्हणते. पूर्वेला एका इमारतीचा अख्खा पहिला मजला त्यांचा. जिन्यात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. त्यांनी मला एसीत बसवलं, कोल्ड कॉफी मागवली, आणि स्वतःचा प्रबंध हातात घेऊन असे हसले, जणू जुना, आगाऊ मित्र अचानक भेटलाय.

"हा अजून आहे? कमाल आहे तुमची. हे वाचलंस का?" त्यांनी ऋणनिर्देशाचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. मी वाचलं. शेवटचा परिच्छेद असा होता: माझ्या या अभ्यासाच्या काळात घर आणि मुले समर्थपणे सांभाळणाऱ्या माझ्या पतींच्या ऋणात राहणेच मी पसंत करते.

मी वर पाहिलं. सरांच्या मिशा थरथरत होत्या.

"सीनियर मॅडमचा प्रबंध टायपिस्टला दिला होता, म्हटलं फक्त विषय आणि गाव बदल. त्याने तेवढंच बदललं. मीही वाचलं नाही, गाइडनेही नाही, बाहेरून आलेल्या परीक्षकानेही नाही. व्हायवात मला विचारलं, घरचे काय म्हणतात? मी म्हटलं, सगळे खूश आहेत!"

मला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली. तेही हसले. मग रुमालाने डोळे पुसून म्हणाले, "सही नाही करणार. जाऊ दे रद्दीत. आता मुलांसमोर उभा राहतो रोज. माझ्या नावावर हे नको."

"शुद्धिपत्र जोडता येतं, सर. दोघांनी जोडलंय."

"शुद्धिपत्रात काय लिहू? पृष्ठ एक ते एकशे बारा?" ते उठून खिडकीपाशी गेले. "अगं, सगळेच करतात. तूही केलं असशील काहीतरी. नाही?"

त्यांनी हे चेष्टेत विचारलं होतं. उत्तराची वाटही पाहिली नाही, त्यांचा फोन आला. मी 'संमती नाही' या चौकटीवर त्यांची सही घेतली. किती सोपं होतं ते. माझ्या पिशवीत माझंही संमतीपत्र होतं, त्यावरही तीच चौकट होती. जिना उतरताना त्या फोटोंतली सगळी मुलं माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी विचार करत होते की सर वाईट माणूस नाहीत. मग मला त्यांच्यासारखं का वाटून घ्यायचं नाहीये?

सर आपली नक्कल गाडून मोकळे होऊ शकत होते, कारण त्यांचा प्रबंध कुणी वाचलाच नव्हता. माझ्यावर नऊ शिक्के होते.

शुक्रवार, टिटवाळा

यादी संपली होती. शुक्रवारी मी सुट्टी टाकली, जुन्या प्रश्नावलीची एक कोरी प्रत घेतली आणि टिटवाळ्याला उतरले. पुलावर थांबले नाही. थांबले असते तर परतच आले असते.

"मंदिर?" रिक्षावाल्याने विचारलं. इथे पिशवी घेऊन उतरणारा प्रत्येक जण गणपतीलाच आलेला असतो.

"नाही. बिल्डिंग."

"कुठली?"

"कुठलीही. नवीन."

त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "फ्लॅट बघायला?"

"बायका बघायला," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी जीभ चावली. तो पुढे काही बोलला नाही, फक्त मला उतरवून जरा घाईनेच निघून गेला.

टॉवर सात मजल्यांचा, पलीकडे अजून शेत, त्यात बगळे. मी गेटसमोर उभी होते. पाच मिनिटं, दहा. ऑक्टोबरचं ऊन. शेवटी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई माझ्यापाशी थांबली. तिशीची, केस वर बांधलेले, खांद्यावर ऑफिसची बॅग. अर्धा दिवस भरून आलेली.

"कोणाकडे आलीयस?"

"कोणाकडेच नाही," मी म्हटलं. आणि मग सगळं एकदम बाहेर आलं, पुलापासून चार पेनांपर्यंत. इतक्या लोकांतून ते मी पहिल्यांदा जिला सांगितलं तिचं नावही मला माहीत नव्हतं.

तिने ऐकून घेतलं. "म्हणजे आमच्याबद्दल आम्हाला न विचारता लिहिलंस?"

"हो."

"पन्नास जणी?"

"हो."

"डोकं आहे गं तुला," ती म्हणाली. कौतुक होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. "चल वर. लिफ्ट बंद आहे. सहावा मजला."

लिफ्टशेजारी भिंतीवर एक कागद डकवलेला होता. वारांचे रकाने, मजल्यांचे रकाने, प्रत्येक चौकटीत एक नाव. खाडाखोड केलेली, वर दुसरं नाव, कुठे बाण काढलेला. मी विचारलं.

"पाण्याची पाळी. पाणी पहाटे पाऊण तास येतं, वेळ ठरलेली नाही. सगळ्यांनी कशाला जागायचं? मजल्यावरची एक जण जागते, आलं की बाकीच्यांची दारं वाजवते. कुणाला बरं नसेल, कुणाचे पाहुणे असतील, तर अदलाबदल. म्हणून ही खाडाखोड."

मी त्या कागदासमोर उभी राहिले. बायकांच्या दिवसाचे तास कुठे जातात त्याचा अभ्यास तिथे भिंतीवर होता, बायकांनीच केलेला. माझ्या पन्नास जणींपैकी एकीच्याही दिवसात पाणी नव्हतं. मी त्यांना सासू दिली, शिवणयंत्र दिलं, पण वर्तकनगरला नळ चोवीस तास असतो, म्हणून पाणी द्यायचं मला सुचलंच नाही.

वर तिने चहा केला, फुटाणे दिले. मी प्रश्नावली वाचायला घेतली. बाराव्या प्रश्नाशी आले: "दुपारच्या फावल्या वेळात आपण काय करता?"

"परत वाच."

मी वाचला.

ती इतकी हसली की आतल्या खोलीत झोपलेली तिची मुलगी उठून आली. "फावला वेळ! अगं, कोणत्या गावात मिळतो? दोन किलो आण माझ्यासाठी."

मी तो प्रश्न खोडला. तिच्या सांगण्यावरून त्याजागी लिहिलं: झोप कधी पुरी होते? ती म्हणाली, "हे विचारायला पाहिजे होतंस." चार प्रश्न खोडले, तीन नवे आले. दीड तास लागला. शेवटी मी वैजयंतीताईंची आठवण ठेवून विचारलं, "तुमचं नाव घालू ना?"

"नको गं बाई. सोसायटीचा सेक्रेटरी सगळं वाचतो, मग पाण्यावरून पुन्हा भांडण. सहावा मजला लिही, बास."

म्हणजे विचारायचं असतं, एवढंच. उत्तर प्रत्येकीचं वेगळं.

शनिवार

म्हात्रे मॅडम आल्या तेव्हा मी डिंकाची बाटली घेऊन बसले होते. गोगटे सरांचं शुद्धिपत्र चिकटवून झालं होतं, वैजयंतीताईंचंही. तिसरा कागद मी, सही केलेल्या संमतीपत्रासह, मॅडमपुढे ठेवला. पट्टीने आखलेला, दोन रकाने. माझं मराठी अक्षर अजून तिसरीतल्या मुलीसारखं आहे, पण सगळा एकाच पेनाने लिहिला होता.

त्यांनी चष्मा लावून वाचला. मग काढून पुन्हा लावला.

"ईशा, हे विभागाला कळवावं लागेल मला."

"हो, मॅडम."

"काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"हो."

"सही न करता सोडून दिलं असतंस तर सोमवारी रद्दीच्या गाडीत गेलं असतं. कुणी बघितलंही नसतं."

मला गोगटे सरांचं पान आठवत होतं. जे नव्हतंच ते, आणि त्यावर लिहिणारा तिसरा. पण ते मला बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "त्या मुलीने माझा तक्ता घेतलाय. तिला कळायला हवं."

मॅडमनी दाखल नोंदवही उघडली, त्या मुलीच्या प्रकल्पाचा क्रमांक शोधला आणि वही माझ्यासमोर सरकवली. "मग तिच्यातही एक प्रत चिकटव. आणि डिंक कमी लाव, पानं चिकटतात."

विभागाची चिठ्ठी अजून आलेली नाही. हे लिहिते आहे तोवर मी नोकरीत आहे. खोली रिकामी झाली; तिथे आता कॉम्प्युटर आलेत. माझा प्रकल्प वरच्या मजल्यावर, डावीकडच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आहे. कुणाला बघायचा असेल तर शेवटचं पान आधी उघडावं. तिथे असं आहे:

अशुद्ध: प्रश्नावल्या १ ते ५०, आणि त्यांवरून काढलेले सर्व तक्ते.

शुद्ध: या बायका नाहीत. त्या मी घरी बसून लिहिल्या. सोबत प्रश्नावली क्रमांक ५१ जोडली आहे. टिटवाळा, सहावा मजला. ही आहे.